मारहाणीत कोणतं कलम लागतं आणि ते कशावरून ठरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीत गाडी लावण्यावरून वाद झाला. शेजारी आणि त्याचा मुलगा या दोघांनी मारहाण केली, मुलाच्या हातात बांबू होता. कपाळावर तीन टाके पडले आणि डावं मनगट सुजलं. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि ‘कोर्टात जा’ म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळलं की शेजाऱ्यानेही उलटी तक्रार दिली आहे. आता कोणतं कलम लागेल, शिक्षा किती, अटक होईल का आणि पुढे मिटवायचं ठरलं तर मिटेल का?

या चारही प्रश्नांची उत्तरं दोन गोष्टींवर अवलंबून आहेत: दुखापत साधी आहे की जबर, आणि मारणाऱ्याच्या हातात काय होतं. किती शिव्या दिल्या, किती रक्त आलं, किती टाके पडले, याला कायद्यात त्यामानाने फार कमी किंमत आहे. तीन टाके असोत की तेरा, कातडीची जखम भरून निघणारी असेल तर दुखापत साधीच. उलट रक्ताचा थेंबही न येता मनगटाच्या हाडाला बारीक तडा गेला असेल, तर ती जबर दुखापत. म्हणून कलमांच्या आधी मनगटाचा एक्स-रे.

तो अजून काढला नसेल तर आजच काढा. मनगटातल्या छोट्या हाडांचा, विशेषतः अंगठ्याच्या बाजूच्या स्कॅफॉइडचा, बारीक तडा पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढलेल्या फिल्ममध्ये किंवा सीटी स्कॅनमध्ये तो दिसतो. दुखणं कायम असेल तर पुन्हा तपासणीचा आग्रह धरा आणि नवा अहवाल लेखी अर्जासोबत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. हाडाचे दोन तुकडे व्हायलाच हवेत असं नाही. नुसती चीर किंवा भेगही ‘मोडणं’ या शब्दात बसते, हे सर्वोच्च न्यायालयाने होरीलाल खटल्यात फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे.

आता कायद्याची रचना. १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची घटना असेल तर भारतीय न्याय संहिता लागते. त्याआधीची असेल तर जुनी दंडसंहिता, खटला आज चालत असला तरी. आपण ज्याला सरसकट मारहाण म्हणतो तिच्या कायद्यात पायऱ्या आहेत. इंग्रजी कायद्यात अंगावर धावून जाणं आणि प्रत्यक्ष हात लावणं हे दोन वेगळे गुन्हे मानतात. आपल्याकडे त्यांना हमला आणि फौजदारीपात्र बलप्रयोग म्हणतात, आणि शिक्षा दोन्हींना एकाच कलमात आहे: कलम १३१, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हमल्यासाठी स्पर्श लागत नाही. मूठ उगारली, काठी उचलून ‘आता देतोच’ म्हणाला, चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडायला लागला, तरी हमला झाला. मात्र नुसते शब्द, कितीही जहाल असले तरी, हमला होत नाहीत. त्यांच्यासाठी धमकीचं ३५१ आणि हेतुपुरस्सर अपमानाचं ३५२ अशी वेगळी कलमं आहेत.

शरीराला वेदना झाली की प्रकरण दुखापतीत जातं. कलम ११५(२): एक वर्षापर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या ३२३ मध्ये दंडाची मर्यादा १,००० होती. वळ उठलाच पाहिजे असं नाही. सणसणीत थप्पडही यात येते. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. तुमच्या हातात एनसीचा कागद आला तो यामुळे. त्या क्षणी पोलिसांसमोर फक्त टाके होते, हाडाचा अहवाल नव्हता. प्रत्येक एनसी म्हणजे पोलिसांची टाळाटाळ असं नसतं. पण बांबूचा उल्लेख असूनही नुसतं ११५(२) लिहिलं असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

जबर दुखापतीची व्याख्या कलम ११६ मध्ये आठ प्रकारांत बांधलेली आहे आणि त्याबाहेर काही ‘जबर’ ठरत नाही. पुरुषत्व नष्ट होणं. एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं. अवयव किंवा सांधा गमावणं. त्याची शक्ती कायमची नष्ट किंवा कमी होणं. डोक्याची वा चेहऱ्याची कायमची विद्रूपता. हाड किंवा दात मोडणं वा निखळणं. आणि आठवा प्रकार म्हणजे जिवाला धोका निर्माण करणारी, किंवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचे व्यवहार करू न देणारी दुखापत. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. या आठव्या प्रकारावरच सर्वात जास्त गोंधळ होतो. १५ दिवस दवाखान्यात झोपून राहिलं की जबर दुखापत झाली, हा समज चुकीचा आहे. वेदना तीव्र होती किंवा माणूस रोजची कामं खरोखरच करू शकत नव्हता, हे पुराव्याने दाखवावं लागतं. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. थपडेने कानाचा पडदा फाटला तरी तो बहुतेक वेळा भरून येतो, म्हणून काही आठवड्यांनंतरचा ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) महत्त्वाचा. दात हलला आणि दात निखळला यातही फरक आहे, त्यासाठी दंतवैद्याचा दाखला घ्यावा आणि ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढावा.

जबर दुखापतीची शिक्षा कलम ११७(२) मध्ये: सात वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. कायमचं अपंगत्व आलं किंवा माणूस कायमच्या बेशुद्धावस्थेत गेला, तर ११७(३): किमान दहा वर्षं सक्तमजुरी, जास्तीत जास्त उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात.

आता हातातल्या वस्तूकडे. गोळी मारायचं, भोसकायचं किंवा कापायचं हत्यार, किंवा हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू होऊ शकेल अशी कोणतीही वस्तू, तसंच आग, तापलेला पदार्थ, विष, स्फोटक, अगदी सोडलेलं जनावरसुद्धा; यांनी साधी दुखापत केली तर ११८(१): तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जबर दुखापत केली तर ११८(२): जन्मठेप, किंवा किमान एक आणि कमाल दहा वर्षं कैद, आणि दंड. ॲसिडसाठी कलम १२४ वेगळं आहे, तिथे शिक्षेची सुरुवातच दहा वर्षांपासून होते.

बांबू यात बसतो का? सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही. वस्तूचा आकार, जाडी, वजन आणि ती कुठे मारली, यावर ते ठरतं. मथाई विरुद्ध केरळ राज्य (२००५) या खटल्यात दगडाने जबर दुखापत झाली होती, तरी त्या दगडाच्या आकाराकडे पाहून सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक हत्याराचं कलम काढून साधं जबर दुखापतीचं ठेवलं. माणसाचे दात हे धोकादायक हत्यार नाही, असंही शकील अहमद खटल्यात (२००४) ठरलं आहे. म्हणून बांबू जप्त होणं, जप्ती पंचनाम्यात त्याची लांबी आणि घेर सेंटिमीटरमध्ये लिहिला जाणं, आणि तपास अधिकाऱ्याने तो डॉक्टरांना दाखवून ‘ही जखम याने होऊ शकते का’ असा लेखी अभिप्राय घेणं, या तीन गोष्टींवर ११८ टिकतं. पंचनाम्यात नुसतं ‘एक लाकडी दांडका’ असेल तर बचावपक्षाला उलटतपासणीत फारसे कष्ट पडत नाहीत.

इथे कायद्याची एक गंमत आहे, आणि फिर्यादी मंडळी तिथेच हमखास चिडतात. हाताचं हाड मोडलं, हत्यार काही नाही, तर ११७(२): शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र. आरोपीला जामीन हक्काने मिळतो, पोलीस ठाण्यातच मिळू शकतो. उलट चाकूने नुसतं ओरखडलं तर ११८(१): शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण गुन्हा अजामीनपात्र. शिक्षा मोठी म्हणजे जामीन अवघड, असं गणित इथे चालत नाही. ‘हात मोडला आणि तो संध्याकाळी घरी’ यात पोलीस मॅनेज झालेच असतील असं नाही.

अटकेचंही तसंच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. पोलिसांनी आधी फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक केलीच तर तिची कारणं लेखी नोंदवायची. अर्नेश कुमार निकालापासून (२०१४) न्यायालयं हे काटेकोर तपासतात. ११८(२) मात्र या मर्यादेच्या पलीकडचं आहे. ते लागण्याची शक्यता दिसली तर समोरची बाजू याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात जाणार, हे धरून चाला. तुमच्यावरच्या उलट तक्रारीत असं कलम आलं, तर तुम्हालाही तोच मार्ग आहे.

आता तुमच्या एनसीचं काय करायचं. मनगटात तडा निघाला किंवा बांबू हे हत्यार ठरलं, तर प्रकरण दखलपात्र होतं. पोलिसांच्या भाषेत याला कलमवाढ म्हणतात. एक जरी कलम दखलपात्र असलं तरी अख्खं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. अहवाल जोडून लेखी अर्ज द्या. ११८(१) पुरतंच प्रकरण असेल तर उपअधीक्षकांच्या परवानगीने पोलीस आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. ११७(२) असेल तर ही सवलत त्यांना नाही, कारण ती तीन वर्षं ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीच आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे, अर्ज; तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडकतो.

तपासाअंती दुखापत साधीच राहिली, तर त्याच संहितेच्या कलम १७४(२) खाली दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागा किंवा थेट खाजगी फिर्याद दाखल करा. नव्या कायद्यात कोर्टाने फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, त्यामुळे पहिल्या तारखेलाच समन्स निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. एक तारीख मात्र लिहून ठेवा: एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची फिर्याद घटनेपासून एक वर्षाच्या आत कोर्टात दाखल व्हायला हवी. एनसीचा कागद कपाटात ठेवून ‘बघू’ म्हणणाऱ्यांची ही मुदत टळते.

यात कागद बिघडतात ते असे. पहिला म्हणजे दवाखान्यातला केसपेपर. लाजेने किंवा पोलिसांची कटकट नको म्हणून लोक डॉक्टरांना ‘जिन्यावरून पडलो’ सांगतात, आणि तीन दिवसांनी मारहाणीची फिर्याद देतात. तो केसपेपर नंतर आरोपीच्या वकिलाच्या फाइलमधला सर्वात मौल्यवान कागद ठरतो. डॉक्टरांना नेमकं सांगा: कधी, कशाने आणि कुठे मारलं. सरकारी रुग्णालयात एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवली जाते. पोलीस ठाण्यात आधी गेलात तर वैद्यकीय तपासणीची यादी (पोलिसांचं रुग्णालयाला पत्र) मागून घ्या. जखमेच्या दाखल्यात प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी, खोली, बाजू, प्रकार आणि अंदाजे वय असतं. मुका मार पहिल्या दिवशी लालसर, मग निळसर, पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास हिरवट आणि आठवड्यानंतर पिवळट होतो. त्यामुळे उशिरा गेलात तर जखमेचं वय घटनेच्या तारखेशी जुळवणं कठीण होतं. कपाळाची जखम बांबूची असेल तर ती बहुधा कडा चेचलेली, फाटलेली दिसते. दाखल्यात ‘कापल्याची जखम’ लिहून आली तर फिर्यादीतला बांबू आणि दाखला यांचा मेळ बसत नाही. कपाळ, नडगी अशा हाडालगतच्या कातडीवर बोथट मारानेही सरळ चीर पडते आणि घाईत ती कापल्यासारखी वाटते. दाखला हातात पडताच वाचा, आणि शंका असेल तर डॉक्टरांना तेव्हाच विचारा.

दुसरा कागद म्हणजे पहिला जबाब. तुमच्या प्रकरणात तो असा हवा: ‘मुलाने उजव्या हातातल्या बांबूने माझ्या कपाळावर एक आणि तो चुकवायला आडवा धरलेल्या डाव्या मनगटावर एक फटका मारला, त्याच्या वडिलांनी माझी कॉलर धरून ठेवली होती.’ अर्थात घडलं तसंच असेल तर. ‘दोघांनी मला बेदम मारहाण केली’ या वाक्यातून कोर्टाला कुणी काय केलं ते काहीच कळत नाही. मनगटाचा फटका पहिल्या जबाबात नसेल आणि साक्षीत आला, तर ‘हे जबाबात नमूद नाही’ हा एकच मुद्दा पुरतो. राहून गेलं असेल तर लगेच पुरवणी जबाब द्या, सहा महिन्यांनी नको. आणि शेजाऱ्याची बायको, आई, जावई अशी सगळी नावं घालायचा मोह आवरा. न घडलेलं एक नाव घातलं की घडलेली दोन नावंही संशयात येतात. बापलेक दोघेच असल्याने बेकायदेशीर जमावाचं कलम लागत नाही, त्याला किमान पाच माणसं लागतात. कॉलर धरणाऱ्या बापावर सामाईक इराद्याचं ३(५) लागू शकतं, आणि मग बांबू हातात नसतानाही शिक्षा मुलाइतकीच.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. सचिवांना आजच लेखी कळवा आणि पोलिसांनाही. पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलेलं फुटेज साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार नाही हे पडताळायचा आकडा) यांच्याशिवाय कोर्टात चालायला अडचण येते.

उलट तक्रारीला घाबरू नका, पण हलकंही घेऊ नका. दोन्ही बाजूंचे खटले एकाच न्यायाधीशापुढे, एकामागोमाग चालावेत आणि निकाल एकत्रच लागावेत, असा दंडक आहे; एका खटल्यातला पुरावा दुसऱ्यात मात्र वापरता येत नाही. झटापटीत शेजाऱ्यालाही मार लागला असेल तर तो लपवू नका. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही, तर कोर्ट पूर्ण कहाणीकडेच संशयाने पाहतं. तुम्ही स्वतःला वाचवायला ढकललं असेल तर तसंच सांगा. न्याय संहितेत कलम ३४ पासून पुढे स्वसंरक्षणाचा हक्क आहे. तो धोक्याची रास्त भीती वाटल्यापासून सुरू होतो आणि ती भीती संपली की संपतो. बांबू हिसकावून घेतल्यानंतर पाठमोऱ्या माणसाला मारलेला फटका त्यात बसत नाही. शेजारी ‘मला चिथावलं’ म्हणेल, आणि गंभीर व आकस्मिक चिथावणी सिद्ध झाली तर न्याय संहितेच्या कलम १२२ खाली शिक्षा बरीच खाली येते, साध्या दुखापतीला जेमतेम एक महिना. पण गाडीवरून झालेल्या बाचाबाचीला इतकं वजन क्वचितच मिळतं.

याच सुमारास दोन्ही घरांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची नोटीस येण्याची शक्यता मोठी आहे. ही चॅप्टर केस. शांतता राखण्याचा जास्तीत जास्त एक वर्षाचा बंधपत्राचा विषय आहे, ती दोषसिद्धी नव्हे.

दोष सिद्ध झालाच तर प्रत्यक्षात किती शिक्षा? पुस्तकातली कमाल शिक्षा प्रत्येकाला होत नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांहून जास्त कैद देऊच शकत नाहीत. सात वर्षांपर्यंतचे अधिकार मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना असतात. पहिलाच गुन्हा असेल तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिवीक्षेत सोडण्याची मुभा १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात आहे. ती ११७(२) ला लागू होऊ शकते, पण ११८(२) ला नाही, कारण त्यात जन्मठेपेची तरतूद आहे. उपचाराचा खर्च मागायचा असेल तर बिलं, औषधांच्या पावत्या आणि कामावरची गैरहजेरी हे सगळं खटल्यातच दाखल करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली कोर्ट निकालातच भरपाई देऊ शकतं, पण आकडा समोर नसेल तर देणार कशावरून?

शेवटी मिटवण्याचा भाग. ११५(२) जखमी व्यक्ती कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटवू शकते. ११७(२) मिटतं, पण कोर्टाच्या परवानगीने. तडजोड नोंदली गेली की तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो, त्यामुळे आरोपीला ती सोयीची. ११८ मात्र तडजोडीच्या तक्त्यात नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि खाजगी स्वरूपाच्या वादात न्यायालय तो मान्य करू शकतं. जखम किती, हत्यार कोणतं, हे तिथेही पाहिलं जातंच. चौकीत शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘आमचं मिटलं’ लिहून दिल्याने कोणताही दखलपात्र गुन्हा बंद होत नाही. वर्षभराने समन्स आल्यावर लोकांना ते कळतं. आणि मिटवताना तुमचा गुन्हा व त्यांचा गुन्हा, दोन्हींची पुरसीस (तडजोडीचं लेखी निवेदन) एकाच दिवशी, एकाच कोर्टात दाखल करा. तुमचा आज मिटला आणि त्यांचा ‘पुढच्या तारखेला बघू’ वर राहिला, तर त्या पुढच्या तारखेला समोरचा हजर राहीलच याची खात्री कुणी देत नाही.